प्रत्येक रिक्वेस्टची स्वतःची चिठ्ठी

व्हाइटफील्डहून मी पुन्हा तुमच्यासमोर. आतापर्यंत आपण ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते पाहत आलो. आज त्या बोलण्यातली एकच गोष्ट घेऊ: जावास्क्रिप्टच्या ॲपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला तिच्यापुरतं वेगळं सेटिंग कसं द्यायचं, आणि ते न दिल्यास काय घडतं. चित्रफितीत कोड पडद्यावर दिसत होता. पुस्तकात तोच मुद्दा शब्दांत सांगतो. ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांनाही तो समजावा अशी माझी खटपट आहे.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या गेटपासून.

तीन टँकर

२०२४ चा मार्च महिना. बंगळुरूत त्या उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था झाली होती ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. व्हाइटफील्डच्या पट्ट्यात बोअरवेल आटल्या आणि मोठमोठ्या इमारती टँकरवर जगू लागल्या. शेवटी प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरच्या टँकरला १००० रुपये, असा तो हिशेब होता.

मी आमच्या सोसायटीच्या पाणी समितीत होतो. इथल्याच दोन तरुणांनी फावल्या वेळात सोसायटीसाठी एक ॲप लिहिलं होतं. पाहुण्यांची नोंद, टाकीची पातळी, टँकर मागवणं आणि लाल रंगाचं ‘तातडी’चं बटण, सगळं त्यात. दोघांपैकी एक लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती पाहिलेला मुलगा. पाण्याच्या बाबतीत तो हलगर्जी करणाऱ्यांतला नव्हे.

एका रविवारी सकाळी मी ॲपमधून एक टँकर मागवला. चक्र फिरत राहिलं आणि शेवटी पडद्यावर आलं, ‘विनंती पूर्ण झाली नाही.’ मी फोनाफोनी सुरू करणार तेवढ्यात गेटवर टँकर हजर. मग दुसरा. मग तिसरा. बंगळुरात जमिनीखालच्या टाकीला ‘संप’ म्हणतात. मराठी कान पहिल्यांदा दचकतो, मग सवय होते. तर आमच्या संपात दीड टँकरच्या वर पाणी मावत नव्हतं. तिसरा चालक पैसे मागत गेटवर अडून बसला. शेजारच्या इमारतीचे लोक मात्र बादल्या घेऊन संध्याकाळपर्यंत आपल्या टँकरची वाट पाहत होते. त्यांच्या वाटचं पाणी आमच्या गेटवर उभं होतं.

झालं होतं ते असं. ॲपमधल्या सगळ्या रिक्वेस्टसाठी एकच नियम लिहिलेला होता: पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून दे आणि पुन्हा पाठव, एकूण तीनदा. टँकरची मागणी मात्र आमच्या सर्व्हरवरून पुरवठादाराच्या यंत्रणेकडे जायची आणि तिथून होकार यायला आठ-नऊ सेकंद लागायचे. ॲप पाच सेकंदांनी कंटाळायचं आणि पुन्हा मागणी करायचं. सर्व्हर बिचारा प्रामाणिक. तीनदा सांगितलं, तीनदा टँकर मागवला.

मुलांनी त्याच रात्री दुरुस्ती केली. पाच सेकंदांचे साठ केले. टँकरचा प्रश्न मिटला. दोन आठवड्यांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये एका आजींना चक्कर आली. मुलानं ‘तातडी’चं बटण दाबलं. तळघरात नेटवर्क जेमतेम. चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. आधीच्या नियमानं पाच-पाच सेकंदांचे तीन प्रयत्न संपून पंधरा सेकंदांत अपयश कळलं असतं. आता पहिलाच प्रयत्न साठ सेकंद थांबत होता. मिनिटभरानं तो मुलगा भानावर आला आणि जिन्यानं वर धावत जाऊन त्यानं रखवालदाराला हाक मारली. आजी सुखरूप आहेत, म्हणून आज हे हसत सांगता येतं.

दोन्ही प्रसंगांत चूक एकच आहे, फक्त उलट्या बाजूंनी केलेली. पहिल्या वेळी सगळ्यांना एक नियम लावला. दुसऱ्या वेळी एकासाठी सगळ्यांचा नियम बदलला.

कायमचा हुकूम आणि मोहिमेचा हुकूम

मी सिग्नल्सचा माणूस. आमच्याकडे निरोपाच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, अग्रक्रमाचा. फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन. शत्रू दिसल्याचा निरोप आणि भाजीपाल्याच्या मागणीचा निरोप एकाच तारेवरून जायचे, पण प्रत्येकाच्या चिठ्ठीवर त्याचा स्वतःचा अग्रक्रम लिहिलेला असायचा. एक निरोप तातडीचा आहे म्हणून सिग्नल सेंटरचे सगळेच निरोप कोणी फ्लॅश करत नसे.

सैन्यात कायमचे हुकूम असतात आणि एखाद्या मोहिमेपुरते हुकूमही असतात. जिथे मोहिमेचा हुकूम काही सांगत नाही तिथे कायमचा लागू. जिथे सांगतो तिथे मोहिमेचा वरचढ. आणि मोहीम संपली की तो हुकूमही संपतो, कायमच्या हुकमाच्या वहीत खाडाखोड होत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये नेमकी हीच रचना आहे. रिक्वेस्ट पाठवायला दोन साधनं सर्रास वापरतात. एक ‘फेच’, जे २०१५ पासून ब्राउझरमध्येच येऊ लागलं आणि २०२२ मध्ये आलेल्या नोडच्या १८ व्या आवृत्तीपासून सर्व्हरच्या बाजूलाही आपसूक मिळतं. दुसरं ‘ॲक्सिऑस’ नावाची लायब्ररी, जी वेगळी बसवावी लागते.

ॲक्सिऑसमध्ये सेटिंगचे तीन थर असतात. सगळ्यांत खाली लायब्ररीची स्वतःची सेटिंग. त्यावर तुम्ही ‘क्रिएट’ करून बनवलेल्या इन्स्टन्सची सेटिंग. आणि सगळ्यांत वर त्या एका रिक्वेस्टबरोबर दिलेली सेटिंग. वरचा थर खालच्यावर मात करतो. फेचमध्ये असे थर नाहीत. पहिला भाग पत्ता, दुसरा भाग सेटिंगचा ऑब्जेक्ट, आणि जे काय असेल ते त्याच रिक्वेस्टपुरतं. थर हवे असतील तर तुम्ही स्वतः फेचभोवती एक छोटं फंक्शन लिहायचं.

इथे एक सापळा आहे, त्यात अनुभवी माणसंही पाय घालतात. एखाद्या रिक्वेस्टला जास्त वेळ हवा म्हणून काही जण ॲक्सिऑसच्या मूळ डिफॉल्ट्समधला टाइमआउट वाढवतात, रिक्वेस्ट पाठवतात आणि उत्तर आलं की टाइमआउट पूर्ववत करतात. वरवर ठीक वाटतं. पण जावास्क्रिप्ट उत्तराची वाट पाहताना हातावर हात ठेवून बसत नाही, त्या मधल्या वेळात ॲपची इतर कामं चालू राहतात. त्या काही सेकंदांत निघालेली प्रत्येक रिक्वेस्ट बदललेला टाइमआउट घेऊन निघते. आणि मधेच चूक होऊन पूर्ववत करणारी ओळ चाललीच नाही, तर बदल कायमचा. कायमच्या हुकमाच्या वहीत पेन्सिलीनं तात्पुरतं खोडणं म्हणतात ते हेच. त्या एका रिक्वेस्टच्या सेटिंगमध्ये टाइमआउट लिहिला की काम भागतं. त्याचा दुसऱ्या कोणाला स्पर्शही होत नाही.

किती वेळ थांबायचं

आता एकेक रकाना पाहू. पहिला, थांबण्याचा.

ॲक्सिऑसचा टाइमआउट मिलिसेकंदांत द्यायचा असतो आणि त्याचं मूळ मूल्य शून्य आहे. शून्य म्हणजे लगेच सोडून दे असं नव्हे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. फेचला तर टाइमआउट नावाचं सेटिंगच नाही. तुम्ही काही दिलं नाही तर ब्राउझर किंवा नेटवर्क कंटाळेपर्यंत ते थांबणार.

आमच्या मेट्रोचं उदाहरण घ्या. जांभळी मार्गिका व्हाइटफील्डहून निघते ती उंच खांबांवरून, आणि कब्बन पार्कपाशी जमिनीखाली शिरते. नेटवर्क डळमळतं तेव्हा फोनवर बऱ्याचदा चूक दिसत नाही, काहीच दिसत नाही. उत्तरही नाही, नकारही नाही. अशा वेळी मर्यादा घातली नसेल तर माणूस चक्राकडे बघत बसतो.

फेचला मर्यादा घालायचा आजचा सरळ मार्ग म्हणजे ‘अबॉर्ट सिग्नल’. अबॉर्ट सिग्नलला ‘टाइमआउट’ म्हणून मिलिसेकंद द्यायचे आणि मिळालेला सिग्नल रिक्वेस्टच्या सेटिंगमध्ये ‘सिग्नल’ या नावाखाली ठेवायचा. वेळ संपली की रिक्वेस्ट तोडली जाते आणि ‘टाइमआउट एरर’ हाती येते. वापरणाऱ्यानं स्वतः रद्द केलं तर ‘अबॉर्ट एरर’ येते. दोन वेगळी नावं आहेत याचा फायदा घ्या. वेळ संपली तर माणसाला सांगायला हवं. त्यानं स्वतःच रद्द केलं असेल तर गप्प बसायला हवं.

पण लक्षात ठेवा, हा सिग्नल बनवला त्या क्षणापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. एका मुलानं तो सगळ्यांच्या सामाईक सेटिंगमध्ये, ॲप सुरू होतानाच एकदा बनवून ठेवला होता. ॲप उघडल्यावर पहिले पाच सेकंद सगळं छान चालायचं आणि त्यानंतर प्रत्येक रिक्वेस्ट जन्मतःच मेलेली. एकदा संपलेला सिग्नल पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून तो दर रिक्वेस्टला ताजा बनवायचा.

याच साधनाचा दुसरा उपयोग शोधाच्या चौकटीत. पाहुण्याचं नाव टाइप करताना ‘स’, ‘सं’, ‘संज’ अशा तीन रिक्वेस्ट जातात. ‘स’चं उत्तर मोठं म्हणून ते सगळ्यांत शेवटी येतं आणि पडद्यावर बरोबर यादीच्या जागी चुकीची यादी बसते. यासाठी अबॉर्ट कंट्रोलर घ्यायचा, नवी रिक्वेस्ट निघताना जुनी रद्द करायची. जुन्या कोडमध्ये ‘प्रॉमिस रेस’ लावून टाइमआउट केलेला दिसतो. त्यात वाट पाहणं थांबतं, पण रिक्वेस्ट मात्र मागे चालूच राहते. सिग्नलनं ती खरोखर तुटते. निदान आपल्या बाजूनं.

‘आपल्या बाजूनं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढचा सगळा भाग त्यांच्यावरच उभा आहे.

पुन्हा सांगणं आणि पुन्हा करणं

रेडिओवर समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर आम्ही ‘से अगेन’ म्हणायचो. ‘रिपीट’ म्हणायची सक्त मनाई. कारण तोफखान्याच्या बोलीत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. एक शब्द चुकला तर एकाला वाक्य पुन्हा ऐकायचं असतं आणि दुसरीकडे गोळे पडतात.

आमचे तीन टँकर म्हणजे नेमकं हेच. ॲपला विचारायचं होतं, ‘काय म्हणालात?’ आणि सर्व्हरला ऐकू आलं, ‘आणखी एक पाठवा.’

टाइमआउट झाला याचा अर्थ ‘काम झालं नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘काम झालं की नाही ते मला माहीत नाही’ असा होतो. तुम्ही फोन ठेवलात म्हणून पलीकडच्या दुकानदारानं लिहून घेतलेली यादी पुसली जात नाही.

म्हणून एचटीटीपीच्या मानकात, २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, पद्धतींचे दोन गट स्पष्ट केलेले आहेत. गेट, हेड, पुट आणि डिलीट या पद्धती एकदा केल्या काय किंवा पाचदा केल्या काय, सर्व्हरवर अपेक्षित परिणाम एकच. टाकीची पातळी दहादा विचारली म्हणून पाणी वाढत नाही. पोस्टचं तसं नाही. दर पोस्ट नवं काहीतरी घडवू शकते. पुन्हा पाठवलं तरी चालेल याची खात्री असल्याखेरीज अशी रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवू नये, असं ते मानकच सांगतं.

तेव्हा पुन्हा पाठवण्याचा नियम सरसकट लावायचा नाही. तोही चिठ्ठीवरचा रकाना. टाकीची पातळी: पुन्हा विचारा, खुशाल. टँकर: विचारपूर्वकच.

टँकरसारख्या मागणीला पुन्हा प्रयत्न हवाच असेल तर एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. आपण निरोपावर क्रमांक घालायचो, म्हणजे तोच निरोप दोनदा आला तरी पलीकडच्याला कळायचं. तसा एक अनोखा क्रमांक ॲपनं मागणीच्या वेळी बनवायचा आणि हेडरमध्ये पाठवायचा. पैशांचे व्यवहार करणाऱ्या सेवांमध्ये याला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात. सर्व्हरनं तो क्रमांक नोंदवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा टँकर न मागवता आधीचंच उत्तर द्यायचं. मात्र क्रमांक बटण दाबताना एकदाच बनवायचा आणि तिन्ही प्रयत्नांत तोच ठेवायचा. दर प्रयत्नाला नवा बनवलात तर गेटवर पुन्हा तीन टँकर. आणि सर्व्हरला त्या हेडरची ओळखच नसेल तर हेडर घालून उपयोग शून्य. दोन्ही बाजूंनी ठरवावं लागतं.

पुन्हा कधी पाठवायचं याचंही तारतम्य हवं. ५०३ आलं तर सर्व्हर सध्या थकलाय, थोड्या वेळानं या. ४२९ आलं तर तुम्ही फार वेळा विचारताय. दोन्हींबरोबर ‘रिट्राय आफ्टर’ हेडर येऊ शकतं. आलं तर ते पाळा. ४०० किंवा ४०४ आलं तर पुन्हा पाठवून काही होणार नाही, पत्ताच चुकलाय किंवा मजकूर. आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या, त्यात थोडी अनियमितता ठेवा. नाहीतर वीज आल्याबरोबर अख्ख्या सोसायटीचे फोन एकाच सेकंदाला सर्व्हरच्या दारावर थाप मारतील.

इथे फेचची एक सवय सांगून ठेवतो. ४०४ किंवा ५०० आलं तरी फेच त्याला चूक मानत नाही, उत्तर आलं एवढंच त्याच्या लेखी पुरेसं. ‘ओके’ हा गुण तुम्ही तपासायला हवा. ॲक्सिऑस २०० च्या घरातल्या आकड्यांखेरीज सगळ्यांना चूक ठरवतो, पण ‘व्हॅलिडेट स्टेटस’ देऊन एका रिक्वेस्टपुरती ही व्याख्या बदलता येते. उदाहरणार्थ, ‘हा पाहुणा आधी येऊन गेलाय का?’ या प्रश्नाला ४०४ हे चोख उत्तर आहे, चूक नव्हे.

पाकिटावर काय लिहायचं, आणि कोणाला

हेडर म्हणजे पाकिटावरचा मजकूर. त्यात सगळ्यांत नाजूक तो ओळखीचा टोकन. ‘हा माणूस आपलाच आहे’ असं सांगणारा.

आमच्या मुलांनी सोय म्हणून तो टोकन ॲक्सिऑसच्या मूळ डिफॉल्ट्समध्ये घातला होता. ॲप हवामानाची माहिती एका बाहेरच्या सेवेकडून घ्यायचं. त्या रिक्वेस्टबरोबरही आमच्या रहिवाशांचा टोकन जात होता. घराची किल्ली पाकिटात घालून हवामान खात्याला पत्र पाठवण्यासारखं. कोणी गैरवापर केला नाही, पण तो आपला चांगुलपणा नव्हे, नशीब.

उपाय सोपा. आपल्या सर्व्हरसाठी एक इन्स्टन्स, त्यात टोकन. बाहेरच्यांसाठी दुसरा, टोकनाशिवाय. आणि एक खबरदारी. इन्स्टन्सला ‘बेस यूआरएल’ दिला असला, तरी रिक्वेस्टमध्ये संपूर्ण पत्ता दिलात तर ॲक्सिऑस मुळात त्या पूर्ण पत्त्यावरच जातो, टोकनासकट. पत्ता बाहेरून कुठून आलेला असेल तर हे जास्तच जपायला हवं. नव्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण पत्ते नाकारायचं सेटिंग मिळतं. कुकीच्या बाबतीत फेच जरा सावध आहे. ‘क्रेडेन्शियल्स’चं मूळ मूल्य ‘सेम ओरिजिन’, म्हणजे कुकी आपल्याच घरच्या पत्त्यावर जातात. दुसऱ्या पत्त्यावर पाठवायच्या तर त्या रिक्वेस्टपुरतं ‘इन्क्लूड’ लिहा. मुळीच नको असतील तर ‘ओमिट’.

आता फेचभोवती स्वतःचं फंक्शन लिहिणाऱ्यांसाठी. सामाईक सेटिंग आणि या रिक्वेस्टची सेटिंग तीन टिंबांनी एकत्र केली जाते. सामाईक आधी, खास नंतर. नंतरचं आधीच्यावर मात करतं. क्रम उलटा झाला तर खास हुकूम वाऱ्यावर. पण हे एकत्रीकरण फक्त वरच्या पातळीवर होतं. सामाईक सेटिंगच्या हेडर्समध्ये टोकन आहे आणि खास सेटिंगच्या हेडर्समध्ये फक्त भाषा आहे, तर टोकन नाहीसा होतो, कारण हेडर्सचा अख्खा डबाच बदलला जातो. म्हणून हेडर्स वेगळे उघडून एकत्र करायचे. ‘लॉगिन असूनही ४०१ का येतं?’ या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा इथेच सापडतं.

आणखी एक. सामाईक हेडर्समध्ये ‘कंटेंट टाइप’ जेसन असा ठरवून ठेवलेला असतो. मग कोणी टाकीचा फोटो ‘फॉर्म डेटा’तून पाठवतं आणि सर्व्हरला काही उमगत नाही. फॉर्म डेटाच्या वेळी हे हेडर आपण लिहायचंच नाही. ब्राउझर ते स्वतः लिहितो आणि त्यात भागांमधल्या सीमारेषेची खूणही घालतो. आपण हातानं लिहिलं की ती खूण हरवते. कधीकधी चिठ्ठीवरचा रकाना कोरा सोडणं हाच योग्य हुकूम असतो.

छोटे पण कामाचे रकाने

टाकीची पातळी विचारताना ‘कॅश’ला ‘नो स्टोअर’ द्या. तासापूर्वीची पातळी दाखवून उपयोग काय? ‘नो कॅश’ या नावानं फसू नका. त्याचा अर्थ साठवू नको असा नाही, साठवलेलं वापरण्याआधी सर्व्हरला विचारून घे असा आहे.

पान बंद होताना शेवटची नोंद पाठवायची असेल तर ‘कीप अलाइव्ह’ लावा. पान गेलं तरी रिक्वेस्ट जाते. मजकुराला ६४ किलोबाइटची मर्यादा आहे, तेव्हा फोटो पाठवायची ही जागा नव्हे.

‘प्रायॉरिटी’ला हाय किंवा लो देता येतं. माझ्यासारख्या जुन्या सिग्नलवाल्याला हा रकाना पाहून घरी आल्यासारखं वाटलं. पण ही ब्राउझरला केलेली सूचना आहे. तो ती पाळेलच असं नाही.

आमची यादी

शेवटी आम्ही तिघे एका संध्याकाळी बसलो. संगणक बंद ठेवला आणि कागद घेतला. ॲपमधली प्रत्येक रिक्वेस्ट एका ओळीत लिहिली आणि तिच्यापुढे पाच प्रश्न. किती वेळ थांबायचं? पुन्हा पाठवायचं का? ओळख दाखवायची का, आणि कोणाला? जुनं उत्तर चालेल का? आणि पाचवा प्रश्न, जो कोडच्या पुस्तकात सहसा नसतो: ही फसली तर पडद्यापलीकडच्या माणसानं काय करायचं?

टाकीची पातळी: आठ सेकंद, दोनदा पुन्हा, जुनं उत्तर नको. फसली तर ‘पातळी कळत नाही’ असं स्पष्ट लिहायचं, जुना आकडा दाखवायचा नाही.

टँकर: तीस सेकंद, अनोख्या क्रमांकासह एकदाच पुन्हा. फसला तर ‘विनंती पूर्ण झाली नाही’ हे खोटं वाक्य काढून टाकलं. आता येतं, ‘मागणी पोहोचली की नाही ते तपासत आहोत, कृपया पुन्हा दाबू नका.’ आणि ॲप त्याच क्रमांकानं सर्व्हरला विचारतं की मागणी नोंदली का.

तातडीचं बटण: चार सेकंद, हाय प्रायॉरिटी, त्याच क्रमांकानं पुन्हा. पण पहिल्याच सेकंदाला रखवालदाराचा नंबर मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतो. उत्तराची वाट न पाहता. कारण त्या क्षणी माणसानं यंत्रावर अवलंबून राहावं अशी परिस्थिती आपण निर्माण करता कामा नये.

बाकी सगळ्यांना कायमचा हुकूम: दहा सेकंद, आपोआप पुन्हा पाठवणं नाही. पुन्हा पाठवणं ज्याला हवं त्यानं स्वतःच्या चिठ्ठीवर मागून घ्यायचं. हा मुद्दा मी आग्रहानं धरला. ज्या गोष्टीनं नुकसान होऊ शकतं ती डिफॉल्टमध्ये बंद असावी आणि विचार करून चालू करावी.

लातूरच्या त्या मुलानं यादी पाहून विचारलं, ‘काका, एवढं प्रत्येक रिक्वेस्टचं वेगळं लिहीत बसायचं?’ मी म्हटलं, ‘सगळ्यांचं नाही रे. तीस रिक्वेस्ट आहेत, त्यातल्या पंचवीस कायमच्या हुकमावर चालतील. पण त्या उरलेल्या पाच कोणत्या, हे तुला माहीत हवं.’ त्या पाच शोधायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली. कोड बदलायला त्यानं पाऊण तास घेतला.

आणि तपासायचं कसं? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो, बंदही करता येतो. पण आम्ही त्यावर थांबलो नाही. फोन घेऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो, आजींना चक्कर आली होती त्याच खांबाशी उभे राहिलो आणि रखवालदाराला आधी सांगून लाल बटण दाबलं. चौथ्या प्रयत्नाला सर्व्हरपर्यंत निरोप पोहोचला. पण नंबर मात्र चारही वेळा पहिल्याच सेकंदाला दिसला.

तुमच्यापैकी इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून मंडळी हे ऐकतात. कोणी बँकेचं ॲप लिहीत असेल, कोणी शाळेच्या फीचं, कोणी दवाखान्याच्या नंबराचं. हा भाग संपल्यावर आपल्या ॲपमध्ये एकच करा. जिथे पैसा जातो किंवा जीव अडकतो अशी एक रिक्वेस्ट शोधा आणि तिच्यापुढे ते पाच प्रश्न लिहा. उत्तर ‘जे डिफॉल्ट असेल ते’ असं येत असेल, तर त्या चिठ्ठीवर अजून कोणी काही लिहिलेलंच नाही.

पुढच्या भागात सर्व्हरच्या बाजूला जाऊ. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की त्यानं काय करायचं ते पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.